आधी डेटाच्या डिस्क काढा

घरचा स्टोरेज सर्व्हर सुरू होईना, की मला फोन येतो आणि पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं: "सगळे फोटो गेले!" मी विचारतो, डिस्क फिरल्याचा आवाज येतोय का? येत असेल, तर बहुतेक वेळा फोटो जागेवरच असतात. बिघडलेली असते ती ऑपरेटिंग सिस्टिम, आणि ती वेगळ्याच छोट्या एसएसडीवर किंवा पेनड्राइव्हवर असते. फोटो जातात ते पुढच्या तासाभरात, दुरुस्तीच्या घाईत.

चार डिस्क एकत्र कशा बांधल्या आहेत, हे कुठे लिहिलेलं असतं? बऱ्याच जणांना वाटतं, ऑपरेटिंग सिस्टिममध्ये. म्हणून ती गेली की धीर सुटतो. प्रत्यक्षात ही माहिती डिस्कवरच असते. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये तयार झालेली आणि २००५मध्ये खुली झालेली झेडएफएस प्रणाली प्रत्येक डिस्कवर आपल्या लेबलच्या चार प्रती ठेवते, दोन सुरुवातीला आणि दोन शेवटी. पूलचं, म्हणजे एकत्र बांधलेल्या डिस्कच्या गटाचं नाव, त्याचा ओळखक्रमांक, सोबतच्या डिस्क कोणत्या, सगळं त्यात असतं. डिस्क एकत्र बांधणाऱ्या लिनक्सच्या एमडी रेडमध्येही प्रत्येक सदस्य डिस्कवर अशीच माहिती ठेवणारा सुपरब्लॉक असतो. नव्या सिस्टिमला जुनी आठवण लागत नाही. ती डिस्क वाचते आणि रचना ओळखते.

मग धोका कुठे? इन्स्टॉलरच्या एका पडद्यावर. "कोणत्या डिस्कवर इन्स्टॉल करू?" असं विचारणारी यादी समोर येते: एसडीए, एसडीबी, एसडीसी. ही नावं कायमची नसतात; केबल हलली, पोर्ट बदललं की क्रम बदलू शकतो. काल एसडीए ही बूट डिस्क होती, म्हणून आज असेलच असं नाही. आकारावरून ओळखायला जावं, तर खोक्यावर ४ टीबी छापलेली डिस्क काही पडद्यांवर ३.६ दिसते. रात्री अकराला थकलेला माणूस अशा यादीतून निवड करतो आणि एंटर दाबतो.

म्हणून माझा नियम एकच आहे आणि तो मी कोणासाठीही मोडत नाही. इन्स्टॉलर सुरू करण्याआधी यंत्र पूर्ण बंद करायचं, डेटाच्या प्रत्येक डिस्कवरचा सिरियल नंबर आणि तिची जागा कागदावर लिहायची आणि तिची केबल काढून ठेवायची. जी डिस्क जोडलेलीच नाही, ती इन्स्टॉलर पुसू शकत नाही. "मी नीट बघून निवडेन" म्हणणारे बरेच भेटतात. केबल काढायला दहा मिनिटंही लागत नाहीत, तेव्हा हा विश्वास कशाला पणाला लावायचा? मात्र सिस्टिम आणि डेटा एकाच डिस्कवर असेल, तर ही युक्ती चालत नाही. तिथे आधी दुसऱ्या डिस्कवर प्रत काढायची, मगच पुढचं बोलायचं.

नवी सिस्टिम नीट बूट झाली, की यंत्र पुन्हा बंद करून डिस्क जोडायच्या. आता शब्दांकडे लक्ष हवं. झेडएफएसमध्ये पूल 'इम्पोर्ट' करायचा, नवा 'क्रिएट' नाही. एमडी रेडमध्ये 'असेंबल', तिथेही 'क्रिएट' नाही. क्रिएट जुन्या खुणांवर नव्या लिहितं, आणि डिस्कचा क्रम चुकला तर पुढची जुळणी खऱ्या डेटावरच चालते. जुनी सिस्टिम अचानक गेली असेल, तर झेडएफएस सांगेल की हा पूल दुसऱ्या यंत्राने वापरला होता. त्या डिस्क खरोखर दुसऱ्या चालू यंत्राला जोडलेल्या नाहीत ना, ते पाहून जबरीने इम्पोर्ट करायला हरकत नाही. मी तेही आधी फक्त वाचण्यापुरतं करतो. चार फोल्डर उघडतो, एखादा जुना व्हिडिओ चालवून पाहतो, मगच लिहायची मुभा देतो.

'पूल अपग्रेड करा' अशी सूचना दिसली, तर थांबा. ते पाऊल मागे घेता येत नाही, आणि नंतर जुन्या आवृत्तीकडे परतायचं ठरलं तर ती पूल उघडणारच नाही, अशी वेळ येऊ शकते.

फायलींची मालकीही तपासा. लिनक्स मालकाचं नाव नाही, क्रमांक साठवतं. नव्या सिस्टिमवर घरच्यांची खाती वेगळ्या क्रमाने उघडली, तर आईचं फोल्डर मुलाच्या नावावर दिसतं आणि आईला ते उघडत नाही. फाइल शाबूत असते, क्रमांक जुळवले की काम होतं. कॉन्फिगरेशनची फाइल आधी उतरवून ठेवली असेल, तर ही सगळी कटकट वाचते. ट्रूनॅस या स्टोरेज सर्व्हरच्या सिस्टिममध्ये ती उतरवताना 'सीक्रेट सीड'चा पर्याय निवडायला विसरू नका. तो नसेल तर साठवलेले पासवर्ड नव्या बूट डिस्कवर वाचता येत नाहीत. आणि पूल एन्क्रिप्ट केलेला असेल, तर त्याची किल्ली सर्व्हरच्या बाहेर हवीच. किल्ली हरवली, तर मीच काय, कोणीही काही करू शकत नाही.

हे सगळं बिनचूक केलं, तरी रेड म्हणजे बॅकअप नव्हे. ज्या फोटोंची दुसरी प्रत कुठेच नाही, त्यांची एक प्रत या दिवाळीत वेगळ्या डिस्कवर काढा आणि ती डिस्क दुसऱ्या घरी ठेवा.