डावा पाय

सध्या आमच्या घरात रोज संध्याकाळी ज्या एका विषयावर परिषद भरते, तो विषय म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा डावा गुडघा. उजवा गुडघा ठणठणीत आहे, त्यामुळे त्याची कोणी चौकशीसुद्धा करीत नाही. डावा मात्र सकाळी पलंगावरून उतरताना कुरकुरतो, जिन्यावर अडतो आणि थंडी पडली की सुजतो. लातूरच्या एका डॉक्टरांनी त्याचा फोटो काढला, तो उजेडात धरला आणि विचारले, “काय काम करता?”

“पिकअप चालवतो,” दादा म्हणाला.

“मग क्लच बंद करा.”

बाहेर आल्यावर दादा मला म्हणाला, “क्लच बंद करा म्हंजे काय रे? उद्या म्हणतील, श्वास घ्या पण नाक वापरू नका!”

तुम्ही म्हणाल, कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या माणसाला क्लच आणि गियर यांच्याशी काय कर्तव्य? कर्तव्य आहे. माझ्या एम.ए.ची फी या गुडघ्याने भरलेली आहे.

परळी वैजनाथ म्हटले की तुम्हांला ज्योतिर्लिंग आठवेल. आम्हा गावकऱ्यांना त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट आठवते, ती म्हणजे थर्मल. १९७१ साली येथे कोळशावरच्या विजेचा पहिला संच सुरू झाला. ते जुने संच आता बंद पडले आणि नवे चालतात. वीज तारांवरून कुठच्या कुठे निघून गेली. राख मात्र आमच्या वाट्याला आली. त्या राखेच्या विटा होतात आणि विटा कोणीतरी वाहून न्याव्या लागतात. ते काम करणाऱ्या शेकडो माणसांपैकी माझा भाऊ एक. वडील अकाली गेले तेव्हा तो विशीतही नव्हता आणि मी शाळेत होतो. तो एका मॅटाडोरवर क्लीनर म्हणून लागला. पुढे टाटाच्या २०७ वर ड्रायव्हर झाला आणि बऱ्याच वर्षांनी कर्ज काढून त्याने स्वतःची बोलेरो पिकअप घेतली. २०१३ च्या दुष्काळात पाण्यावाचून थर्मल बंद पडले, तेव्हा त्याच पिकअपमधून त्याने छावण्यांवर चारा ओढला. हप्ता एकही चुकवला नाही.

मी एकदा त्याच्या शेजारी बसून मोजले होते. थर्मलच्या बाजूने विटा भरून गावापलीकडच्या एका बांधकामावर पोचेपर्यंत त्याने ६३ वेळा क्लच दाबला. मध्ये रेल्वेचे फाटक, बाजार, रस्त्यात बसलेल्या म्हशी आणि शाळा सुटलेली पोरे. जाऊन येऊन चार खेपा धरल्या तर दिवसाला ५०० वेळा. वर्षाचे ३०० दिवस धरले तर दीड लाख. आणि तीस वर्षांचे ४५ लाख. हा हिशेब मी घरी मांडला तेव्हा वहिनी शेगडीपाशी उभी होती. ती म्हणाली, “येवढी प्रदक्षिणा वैजनाथाला घातली असती, तर देव घरी राहायला आला असता.”

आता त्या पायाने काय होते, हे ज्यांनी कधी गाडी चालवलेली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. इंजिनाला एक खोड असते. ठराविक वेगाने फिरत असले तरच ते जोर लावते. फार सावकाश फिरवा, ते गुदमरून बंद पडते. चाकांना मात्र कधी रांगायचे असते, कधी धावायचे. या दोघांच्यामध्ये गियर मध्यस्थी करतो, आणि मध्यस्थ बदलायचा तर क्षणभर दोघांचा हात सोडवावा लागतो. हा हात सोडवण्याचे काम क्लचचे, म्हणजेच डाव्या पायाचे. पूर्वीच्या ट्रकांत तर एका गियरसाठी दोनदा क्लच मारावा लागे. दादाच्या उस्तादाने त्याला ती डबल क्लचची विद्या आधी शिकवली. सोप्या गाडीला ती लागत नाही; पण उस्तादाचे म्हणणे, कठीण आले की सोपे आपोआप येते. व्याकरणाबद्दल माझेही हेच मत आहे, पण माझे विद्यार्थी ते ऐकत नाहीत.

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी दादाकडे गाडी शिकायला बसलो. मी गियरच्या दांड्याकडे बघत होतो. त्याने माझ्या हातावर आपला हात ठेवला आणि म्हणाला, “तिकडं काय बघायलास? गियर कानानं टाकायचा असतो.” आणि खरेच, त्याच्या कानाला जे ऐकू येई ते मला येत नव्हते. अंबाजोगाईच्या रस्त्याला चढ लागायच्या आधीच, मागे किती विटा आहेत ते इंजिनाच्या कण्हण्यावरून ओळखून तो खालचा गियर टाकी. चढात मध्येच गियर शोधत बसले तर भरलेली गाडी मागे सरकते आणि मागे कोणाची तरी मोटारसायकल असते. उताराचा त्याचा नियम एकच: ज्या गियरात चढलास त्याच गियरात उतर. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणाऱ्यांबद्दल तो जे शब्द वापरतो, ते दिवाळी अंकात छापता येणार नाहीत.

हे सारे आता जाणार, असे माझा पुतण्या म्हणतो. तो चोवीस वर्षांचा आहे आणि त्याचे बरेचसे म्हणणे दुर्दैवाने खरे असते. अमेरिकेत डिझेल पिकअप म्हणजे आपल्याकडच्या मिनीट्रकाएवढे धूड. तिथे हाताने गियर टाकायची शेवटची मोठी डिझेल पिकअप रॅम कंपनीची होती. फोर्ड आणि शेवरोले यांनी आधीच नाद सोडला होता. रॅमनेही २०१८ च्या मॉडेलनंतर तो सोडला. शेवटी शेवटी तर त्यांच्या कारखान्यातच पंक्तिप्रपंच चालला होता. एकाच जातीचे इंजिन. पण ऑटोमॅटिकला दिले तर त्याचा पीळ ९३० फूट-पौंडांपर्यंत आणि हाताच्या गियरला दिले तर ६६० वरच आवळलेला. ड्रायव्हर गियर कसाही टाकील, याचा भरवसा कोणी द्यावा? यंत्र मात्र रोज सारखेच टाकते. आपल्याकडे हायलक्स आणि व्ही-क्रॉस या श्रीमंत पिकअप ऑटोमॅटिकमध्ये मिळतात. पण तीस लाखांच्या गाडीत विटा कोण भरतो? विटांच्या गाड्यांना अजून दांडा आहे. मात्र त्यांच्याकडे ही लाट डिझेलच्या वाटेने येत नसून विजेच्या वाटेने येते आहे. छोटा हत्ती २००५ साली आला. २०२२ साली टाटांनी त्याचा विजेवरचा भाऊ जाहीर केला. त्याला क्लच नाही आणि बदलायला गियरही नाहीत. विजेच्या मोटारीला उभ्या जागेवरूनच पुरा जोर लावता येतो, म्हणून मध्यस्थाची गरजच उरत नाही. एस.टी.ची पहिली गाडी १९४८ च्या १ जूनला पुण्याहून नगरला धावली. २०२२ च्या १ जूनला त्याच मार्गावर विजेवरची शिवाई सोडली.

मी मराठीचा माणूस, त्यामुळे प्रथम मला शब्दांची काळजी वाटली. मोट गेली तेव्हा तिच्याबरोबर नाडा गेला, सोंदूर गेला, धाव गेली आणि थारोळे गेले. आता कविता शिकवताना मला फळ्यावर विहिरीचे चित्र काढावे लागते. तसेच उद्या ‘हाफ क्लच’, ‘गाडी मेली’, ‘दुसरा पडेना’ हे शब्द जातील, असा विचार मनात आला. स्टाफरूममध्ये मी यावर अर्धा तास बोललोसुद्धा. सर्वांना ते फार आवडले. घरी येऊन तेच दादाला ऐकवले. तो गुडघ्याला तेल चोळीत होता. माझे संपेपर्यंत त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, “तू मोट ओढली नाहीस म्हणून तुला तिची आठवण येते. आण्णांनी ओढलीय. मोटर बसली त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले होते.”

त्यानंतर मी त्या विषयावर स्टाफरूममध्ये बोललो नाही.

पण गंमत अशी की, बिनक्लचच्या गाडीला सगळ्यांत मोठा विरोध दादाचाच! डॉक्टर म्हणाले, वहिनी म्हणाली, पुतण्याने हिशेब मांडून दाखवला. हा आपला ढिम्म. मला वाटले, सवयीचा हट्ट असेल. एके रात्री ओट्यावर बसलो असता तो आपण होऊन बोलला. “हे बघ, भरलेली गाडी चढावर नेता येते म्हणून शेठ मला बोलावतो. दुसऱ्याला बोलावलं तर त्याची क्लचप्लेट जळते. म्हणून मला चार पैसे जास्ती. उद्या गाडीच सगळं करायला लागली, तर शेठ कोणाला पण बसवील. मग माझ्या पोराला कोण कामून जास्ती देईल?”

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. गाडी हाताने चालवण्यातला आनंद गेला म्हणून हळहळणारे बहुतेक लोक सुटीच्या दिवशी गाडी चालवणारे असतात. ज्याच्या पोटाशी तो दांडा जोडलेला आहे त्याला आनंदाची फारशी चिंता नसते. तो विचारतो, भाव किती पडेल? २०१४ साली सेलेरिओ मोटार आली तेव्हापासून आपल्याकडे जुन्याच गियरपेटीला यंत्राचा पाय जोडून द्यायची सोय झाली. शहरातल्या घरांतून किती जणांनी, आणि विशेषतः किती जणींनी, त्यानंतर निर्धास्तपणे गाडी हाती घेतली असेल! त्यांचे भलेच झाले. पण त्यांच्यापैकी कोणाचा पगार क्लचवर ठरत नव्हता.

अखेर दसऱ्याच्या आधी पुतण्याने दादाला विजेची गाडी नुसती बघायला म्हणून नेले. मीही गेलो. दादा चालवायला बसला. पुतण्या पट्टा लावीत असतानाच गाडी निघाली. आवाज नाही, धक्का नाही. पहिल्या वळणाला दादाचा डावा पाय उचलला गेला आणि रिकाम्या जागेवर दाबला गेला. पुन्हा एकदा. मग त्याने तो पाय मुडपून सीटखाली घेतला, चप्पल काढून ठेवतात तसा. चढावर गाडी विनातक्रार चढली. खाली उतरल्यावर त्याने विक्रेत्या पोराला विचारले, “हिचा आवाज नाही. मग लोड जास्ती झालाय हे कळतं कसं?”

“गाडीला कळतं, काका. सेन्सर असतात.”

“तिला कळतं ते ठीक. मला कसं कळायचं?”

पोरगा हसला. दादा हसला नाही; पण गाडीला एक चक्कर मारून त्याने टायर दाबून पाहिले, हौद्याचे फाळके उघडून पाहिले आणि पुतण्याला म्हणाला, “तुझ्या नावावर घे. हप्ता मी बघतो.” त्या रात्री वहिनीने गुडघ्याला शेक दिला आणि पुतण्याने आगाऊ रक्कम भरल्याची पावती देवापुढे ठेवली.

जुनी पिकअप अजून दारात उभी आहे. गिऱ्हाईक येते, किंमत विचारते. दादा अशी किंमत सांगतो की गिऱ्हाईक चहा पिऊन परत जाते. गेल्या रविवारी सकाळी त्याने मला हाक मारली. “चल. चढावर थांबवून उचलायची तुझं राहिलंय.” मी म्हटले, “आता कशाला? आता तर...” तो आधीच डाव्या बाजूला चढून बसला होता, गुडघ्याचा पट्टा आवळीत.

अंबाजोगाईच्या रस्त्यावर चढाच्या मध्यात त्याने गाडी थांबवायला लावली. हँडब्रेक ओढला, पहिला टाकला. माझ्या हातावर त्याचा हात होता. “पाय सावकाश सोड. आवाज बदलतो बघ. बदलला की हँडब्रेक.” मी ऐकत होतो. आवाज बदलला असे मला वाटले, मी ब्रेक सोडला, आणि गाडी मेली. मागच्या ट्रकने हॉर्न दिला. मी घाबरून दादाकडे पाहिले.

“वाजवू दे त्याला,” तो म्हणाला. “पुन्हा लाव.”