पुरीचा सागर आणि नुलियाचा हात

जगन्नाथाचे दर्शन घेऊन बाहेर पडलो, तो मुलांनी समुद्राचा धोशा लावला. पुरीचा हा सागर यात्रिकांना ‘महोदधी’ या नावाने परिचित आहे. येथील लाटा अगदी काठाशी येऊन उंच उठतात व एकदम कोसळतात.

किनाऱ्यावर निमुळत्या टोप्या घातलेले नुलिया उभे होते. मूळचे आंध्र किनाऱ्यावरील हे तेलुगुभाषी कोळी. मासेमारीबरोबरच स्नानार्थींना हात धरून पाण्यात नेणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. मी कृष्णेच्या डोहात पोहायला शिकलेला. मला हात कशाला, असे म्हणून एकटाच पुढे गेलो. कमरेइतक्या पाण्यात असता परतणाऱ्या लाटेने पायांखालची वाळू ओढून नेली आणि मी आत खेचला जाऊ लागलो. काठाच्या दिशेने हात मारावे, तो अंतर वाढतच चालले! इतक्यात एका वृद्ध नुलियाने माझा दंड पकडला. त्याने मला सरळ काठाकडे न आणता किनाऱ्याला समांतर असे थोडे बाजूस नेले. ओढ सरताच लाटांनीच आम्हांला काठावर आणून सोडले. अशी ओढ अरुंद असते. तिच्याशी झुंजून दमू नये, बाजूने निसटावे, हे तेव्हा उमगले.

पुरीच्या ‘गोल्डन बीच’ला २०२० साली ‘ब्लू फ्लॅग’ हे आंतरराष्ट्रीय मानचिन्ह मिळाले. स्वच्छ पाण्याइतकाच जीवरक्षकांचा पहाराही त्यासाठी आवश्यक असतो. परंतु पहारा कितीही दक्ष असला, तरी तांबडे निशाण पाहून थांबणे आपल्याच हाती असते.

दुसऱ्या दिवशी मुलांसह पुन्हा समुद्रावर गेलो. या वेळी नुलियाचा हात सर्वांआधी मीच धरला.