पुरे म्हणण्याचा अधिकार

घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. १६०८ साली रामनवमीच्या दिवशी सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी जन्मलेल्या या मुलाने पुढे अकरा मारुती स्थापन केले आणि बलोपासनेला परमार्थाच्या शेजारी मानाचे स्थान दिले. आजही मराठवाड्यातल्या बहुतेक तालमींत हौद्याच्या कडेला शेंदराने माखलेला मारुती असतो आणि जोर-बैठकांना आरंभ करण्यापूर्वी पोरे त्याच्यापुढे नतमस्तक होतात. ज्या दैवताच्या साक्षीने देह कमवायचा, त्याच दैवताच्या साक्षीने तो पणाला लावायचा, यात काही विसंगती आहे की काय, हा प्रश्न जांबच्या राममंदिरात बसलो असताना मला जितक्या तीव्रतेने जाणवला, तितका अन्यत्र क्वचितच जाणवला असेल.

या भागातील जत्रांमध्ये नारळावरच्या कुस्त्यांनी सुरू झालेला फड दिवस कलू लागल्यावर मोठ्या इनामाच्या कुस्त्यांपाशी येऊन ठेपतो, तेव्हा हलगीचा ठेका बदलतो आणि माणसे पुढे सरकून बसतात. अशाच एका फडात पाहिलेला एक पैलवान माझ्या मनातून जात नाही. त्याच्या उजव्या गुडघ्याला पट्टी आवळून बांधलेली होती. सलामी देण्यापूर्वी त्याने तो पाय मातीत दोनदा दाबून पाहिला, कळ आली तशी दातांवर दात रोवले, आणि ती कळ कोणाच्या ध्यानी तर आली नाही ना, म्हणून कडेच्या मंडळींवरून चोरटी नजर फिरवली. पंचाने रीतीप्रमाणे विचारले, "खेळणार ना, पैलवान?" तो म्हणाला, "खेळतो की, त्यात काय!" कायद्याच्या दृष्टीने या संमतीत काहीही उणे नव्हते, माणूस वयात आलेला, बुद्धी शाबूत, जुलूम-जबरदस्ती नाही. परंतु ध्वनिक्षेपकावरून गावाचे नाव पुकारले गेलेले, इनामाचा आकडा जाहीर झालेला, वस्ताद फेटा बांधून समोर बसलेला आणि खुराकाचा भार उचलणारी भावकीतली मंडळी पहिल्या रांगेत, अशा स्थितीत 'नाही' म्हणायला जी छाती लागते, ती समोरच्याला आस्मान दाखवायला लागणाऱ्या छातीहून मोठी असते. प्रतिस्पर्ध्याने पट काढला, गुडघा आत मुडपला, आणि दोघांनी त्याला उचलून बाहेर नेईपर्यंत पुढल्या जोडीसाठी हलगी वाजू लागली होती.

तरीही, खेळातील धोका सरकारी हुकमाने नाहीसा करावा, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही. मिल्लने १८५९ साली स्वातंत्र्यावर जो निबंध प्रसिद्ध केला, त्याचा संस्कार आगरकरांच्या पिढीवर खोल होता. आणि स्वतःच्या देहावर ज्याची त्याचीच मुखत्यारी, हे त्यातील तत्त्व सोडून देण्यासारखे मला आजही वाटत नाही. शिवाय काही कौशल्ये अशी असतात की भय वजा केले तर तीही नाहीशी होतात. हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्याचा मुलगा एकनाथ सोलकर शिरस्त्राणाविना फॉरवर्ड शॉर्ट लेगला, फलंदाजाच्या श्वासाच्या अंतरावर वाकून उभा राही. २७ कसोटी सामन्यांत त्याने ५३ झेल टिपले आणि १९७१ साली ओव्हलवर नॉटचा जो झेल त्याने जमिनीलगत झेपावून घेतला, तो ज्याला सुरक्षित अंतरावर उभे राहायचे आहे त्याला कालत्रयी घेता आला नसता. अशा माणसाला तू तिथे उभा राहू नकोस, असे सांगण्याचा हक्क कोणाला आहे?

मला खटकते ते एवढेच की धोका पत्करण्याचा निर्णय आपण सर्वस्वी खेळाडूच्या माथी मारतो आणि त्याच्या धैर्याची दाद देत स्वतः कडेला बसतो. या बाबतीत मला एप्रिल १९७६ मधला किंग्स्टनचा सामना नेहमी आठवतो. त्याआधी पोर्ट ऑफ स्पेनला भारताने चौथ्या डावात चारशेच्या वर धावा करून वेस्ट इंडीजला नमवले होते; तो पराभव जिव्हारी लागलेल्या क्लाइव्ह लॉइडने सबाइना पार्कच्या उंचसखल खेळपट्टीवर आपल्या वेगवान गोलंदाजांना मोकळे सोडले. बडोद्याच्या दत्ताजीराव गायकवाडांचा मुलगा अंशुमान अंगाखांद्यावर चेंडूंचे तडाखे सोसत तासन्‌तास उभा राहिला. ८१ धावांवर होल्डिंगचा चेंडू त्याच्या कानावर आदळला आणि त्याला रुग्णालयात हलवावे लागले. विश्वनाथचे बोट मोडले, ब्रिजेश पटेलच्या तोंडाला टाके पडले. अशा वेळी ६ बाद ३०६ या धावसंख्येवर बिशनसिंग बेदीने डाव घोषित केला. आणि दुसऱ्या डावात पाच गडी बाद होऊन ९७ धावा झाल्या असता तो डाव तेथेच संपला, कारण उरलेले पाच जण फलंदाजीला येण्याच्या अवस्थेत नव्हते. वेस्ट इंडीजला जिंकायला अवघ्या १३ धावा हव्या होत्या. बेदीवर पुष्कळ टीका झाली. मला मात्र ते कर्णधारपदाचे सर्वोच्च कर्तव्य वाटते, कारण चंद्रशेखरसारख्या तळाच्या फलंदाजाला कर्णधाराने पुढे घातले असते तर तो निमूटपणे गेला असता. 'मी जात नाही' असे त्याच्या तोंडून वदवून घेण्याची पाळी बेदीने येऊ दिली नाही, माघारीचा सारा बोल स्वतःवर घेतला.

या विचाराला छेद देणारेही उदाहरण आहे, आणि ते टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जानेवारी १९८१ मध्ये सिडनीला संदीप पाटीलच्या डोक्यावर लेन पास्कोचा चेंडू बसला आणि तो कोसळला. तरी दुसऱ्या डावात तो फलंदाजीला उतरला, आणि त्याच महिन्यात ॲडलेडला, शिरस्त्राण घालून, त्याने १७४ धावा केल्या. ती खेळी मराठी माणसाच्या अभिमानाचा ठेवा आहे, आणि कोणी शहाण्या वैद्याने त्याला महिनाभर सक्तीची विश्रांती दिली असती तर ती झालीच नसती. पण सिडनीच्या दुसऱ्या डावात त्याच जागी पुन्हा चेंडू बसला असता, तर आज आपण त्या धैर्याबद्दल कोणत्या शब्दांत बोललो असतो? २०१९ पासून मेंदूला धक्का बसलेल्या खेळाडूच्या जागी कसोटीतही दुसरा खेळाडू घेता येतो, आणि त्याने खेळावे की नाही याचा निर्णय वैद्यकीय अधिकाऱ्याकडे असतो. बाहेर बसण्यात जी नामुष्की वाटे, ती या नियमाने खेळाडूच्या अंगावरून काढून घेतली, हा मला त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

दहीहंडीच्या बाबतीत आपण अजून तिथवर पोचलेलो नाही. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने थरांची उंची २० फुटांवर आणि वय १८ वर्षांवर बांधून दिले; सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद जाऊन २०१६ साली हीच बंधने कायम राहिली; २०१७ साली उंचीची मर्यादा गेली आणि वयाची अट १४ वर आली. २०२२ साली सरकारने दहीहंडीला खेळाचा दर्जा जाहीर केला आणि गोविंदाच्या मृत्यूबद्दल १० लाखांची तरतूद केली. वयाचा प्रश्न निघाला की कोणी ना कोणी जांबच्या नारायणाचा, म्हणजे पुढे समर्थ रामदास झालेल्या मुलाचा, दाखला देतो: बाराव्या वर्षी तो बोहल्यावरून निघून गेला, मग चौदा वर्षांच्या मुलाला आपले बरेवाईट का कळू नये? या दाखल्याचा मी पुष्कळ विचार केला. नारायणाभोवती वऱ्हाड होते, आप्तेष्ट होते, मंगलाष्टके चालली होती, आणि त्या सर्वांची जी इच्छा होती तिच्या विरुद्ध तो गेला. म्हणून तो निर्णय त्याचा होता. थरांवर चढणाऱ्या पोराच्या पाठीशी सारे पथक, समोरचे व्यासपीठ, खालचा जमाव आणि लाखांचे बक्षीस असते, त्या सर्वांची इच्छा एकच असते, आणि ते पोर तिच्यामागून वर जाते. त्याच्या मनात खरोखर काय होते हे कळण्याचा मार्गच आपण ठेवलेला नसतो. म्हणून सज्ञान गोविंदाला माझी हरकत नाही. चौदा वर्षांच्या मुलाला आहे.

सज्ञानाच्या बाबतीतही मुभा देणाऱ्याने तिची किंमत उचलली पाहिजे. ज्या मंडळाने इनाम लावले, त्याच मंडळाच्या फंडातून जायबंदी झालेला पैलवान वा गोविंदा पुन्हा आपल्या पायांवर चालेपर्यंत त्याच्या औषधपाण्याचा आणि बुडालेल्या रोजगाराचा खर्च निघावा. फडात एक वैद्य असावा, आणि कुस्ती लागण्यापूर्वी पंचाने पैलवानाला विचारण्याऐवजी त्या वैद्याला विचारावे. परवाना देताना या दोन्ही गोष्टींची खातरजमा व्हावी. ज्या आयोजकांना या अटी जाचक वाटतील, त्यांनी इनामाचा आकडा कमी करावा.