अंबडची मत्स्यशाला

नाशिकास येणारा यात्रेकरू रामकुंडावर स्नान करतो, काळ्या रामाचे दर्शन घेतो आणि सवड असल्यास त्र्यंबकेश्वराची वाट धरतो. अंबडास मात्र मुद्दाम असे कोणी जात नाही. (जालना जिल्ह्यातील तालुक्याचे अंबड निराळे; वाचकांनी गल्लत करू नये.) आमचे अंबड हे मुंबई-आग्रा रस्त्यालगतचे मूळचे एक खेडे. नाशिकची महानगरपालिका १९८२ साली स्थापन झाली आणि आज हे गाव त्या शहराचाच एक भाग होऊन बसले आहे. एकीकडे कारखान्यांची वसाहत, दुसरीकडे सिडकोची दाट घरे, मधून मालमोटारींची अखंड रहदारी. प्रेक्षणीय म्हणावे असे येथे काय असणार, असा प्रश्न कोणीही करील.

परंतु येथून जवळच त्रिरश्मी डोंगर आहे, ज्यास लोक पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा त्याच्याशी संबंध नाही. ती बौद्ध भिक्षूंची सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची वसतिस्थाने होत. तेथील शिलालेखांत नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने लेण्याबरोबर ‘पोढी’ करविल्याचा उल्लेख आहे. पोढी म्हणजे कातळात कोरलेले पाण्याचे टाके. राहण्याची सोय करावयाची तर आधी पाणी राखले पाहिजे, हे त्या काळच्या दात्यांस पुरते ठाऊक होते. त्याच डोंगराच्या परिसरात, अंबडच्या एका साध्या घरात, पाणी राखण्याचा एक निराळाच उद्योग चालू आहे, आणि त्याचीच हकीकत येथे सांगावयाची आहे.

गृहस्थ माझा जुना विद्यार्थी. एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे काम करतो. घराच्या तळमजल्यावरील दहा फूट रुंद व बारा फूट लांब अशा खोलीत त्याने काचेच्या चोवीस टाक्या मांडल्या आहेत. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात शोभेसाठी एखादी टाकी ठेवणे निराळे आणि ही अशी मत्स्यशाला निराळी. शोभेची टाकी पाहुण्यांकरिता असते. येथे खुर्चीदेखील नाही. लोखंडी अँगलची तीन मजली मांडणी भिंतीलगत उभी आहे आणि प्रत्येक टाकीखाली थर्माकोलचा पत्रा घातला आहे, ज्यायोगे तळाच्या काचेवर एकाच ठिकाणी दाब येऊन ती तडकू नये.

“वरच्या मजल्यावर का नाही थाटलीस? उजेड वारा तरी मिळाला असता,” मी विचारले.

“सर, प्रत्येक टाकीत शंभर लिटर पाणी. चोवीस टाक्यांचे चोवीसशे किलो झाले. वरच्या स्लॅबवर एवढा भार टाकून खाली आईला झोपवायचे?”

गणित मीच त्याला शिकविले होते. उत्तर ऐकून बरे वाटले.

वाऱ्यासाठी प्रत्येक टाकीला वेगळा पंप नाही. एक मोठा ब्लोअर, त्यास जोडलेली पीव्हीसीची नळी खोलीभर फिरविलेली, आणि तिच्यातून प्रत्येक टाकीत एकेक बारीक नळी उतरविलेली. तिच्या टोकाला स्पंजाचा फिल्टर. हवेचे बुडबुडे वर चढतात, त्यांच्याबरोबर पाणी स्पंजातून ओढले जाते आणि गाळ स्पंजात अडकतो. परंतु स्पंजाचे खरे काम गाळ धरणे हे नव्हेच. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो आणि तो माशांस जहर आहे. स्पंजात वस्ती करून राहणारे सूक्ष्म जंतू त्या अमोनियाचे प्रथम नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसऱ्या जातीचे जंतू त्याचे नायट्रेट करतात, जे बरेच निरुपद्रवी असते. विनोग्राडस्की नामक रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास मातीतील असे जंतू वेगळे करून दाखविले. ही जंतूंची वस्ती नव्या टाकीत स्थिर व्हावयास चार ते सहा आठवडे लागतात. नवशिका मनुष्य दुकानातून टाकी आणतो, त्याच संध्याकाळी दहा मासे सोडतो आणि आठवड्याभरात ते एकामागून एक उलटे तरंगू लागले म्हणजे दुकानदारास दोष देतो. स्पंज धुवावयाचा तोही टाकीतूनच काढलेल्या पाण्यात. नळाखाली धरला की क्लोरिनने ती वस्ती मेलीच म्हणून समजावे.

नळाचे पाणी येते गंगापूर धरणाकडून, म्हणजे गोदावरीचेच. पण शुद्धीकरणात मिसळलेले क्लोरिन माशांच्या कल्ल्यांस सोसत नाही. म्हणून ते पाणी एका पिंपात दिवसभर हवा सोडून ठेवितात, आणि घाई असल्यास त्यात हायपोचे चार खडे टाकतात. दर आठवड्यास प्रत्येक टाकीतील चौथा हिस्सा पाणी बदलावयाचे. सहाशे लिटर पाणी असे वाया जात असेल म्हणून मी जरा नाराजीने विचारले, तेव्हा सूनबाईंनी मागचे दार उघडून दाखविले. पेरू, केळी, अळू आणि तुळस, सर्वांस हेच पाणी. नायट्रेट म्हणजे खतच की! अळूची पाने सुपाएवढी झाली होती.

नाशिकची थंडी हा येथला दुसरा शत्रू. उष्ण प्रदेशातील माशांस पंचवीस-सव्वीस अंशांची ऊब लागते आणि आपल्याकडे पौषात रात्रीचा पारा दहाच्याही खाली उतरतो. चोवीस टाक्यांत चोवीस हीटर घालणे परवडणारे नाही. म्हणून त्याने भिंतींस व छतास आतून थर्माकोल लावून सगळी खोलीच उबदार केली आहे. उबेबरोबर दमटपणा आला, त्यासाठी एक्झॉस्टचा पंखा आला. विजेच्या प्रत्येक वायरीस बटणाच्या खाली उतरणारे वळण दिले आहे, म्हणजे वायरीवरून ओघळलेले पाणी त्या वळणाशीच गळून पडते, बटणात शिरत नाही. वीज गेली तर ब्लोअर इन्व्हर्टरवर चालतो. पाण्यातील प्राणवायू दाट वस्तीत फार वेळ पुरत नाही. गेल्या वैशाखात रात्रभर वीज नव्हती आणि इन्व्हर्टरही पहाटे थकला, तेव्हा नवराबायको तांब्याने पाणी काढून उंचावरून त्याच टाकीत ओतीत उजाडेपर्यंत उभी होती असे कळले.

इतका खटाटोप कशासाठी? शौक म्हणावा तर तो आपल्याकडे नवा नाही. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त मत्स्यविनोदाचे प्रकरण आहे, माशांच्या जाती व त्यांस घालावयाचे खाद्य यांचे वर्णन त्यात येते. अर्थात तेथील विनोद गळ टाकण्यात संपतो. काचेतून मासा निरखण्याची हौस विलायतेतील. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली मत्स्यगृह उघडले, आणि मुंबईस मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले ते १९५१ साली. माझ्या पिढीतील पुष्कळांनी पहिला रंगीत मासा तेथेच पाहिला.

या खोलीत अमेझॉनचे एंजल आहेत, सयामचे फायटर आहेत, आणि गप्पी तर विचारूच नका. हे नाव गप्पांवरून पडले असावे अशी मुलांची समजूत असते. वस्तुतः ते त्रिनिदाद बेटावरील गप्पी नामक गृहस्थाचे आडनाव आहे आणि १८६६ पासून त्या माशास चिकटले आहे. मला मात्र सर्वांत आवडला तो आपल्याच देशाचा झेब्रा मासा, निळ्या पट्ट्यांचा, करंगळीहून लहान. जगभरच्या प्रयोगशाळा आज त्याच्यावर संशोधन करितात.

घरातील आजींचा या प्रकारास प्रथम कडवा विरोध होता. सोवळ्याच्या घरात मासे, तेही कोंडलेले! त्यातून पिलांस जिवंत खाद्य लागते. खारट पाण्यात आर्टेमियाची अंडी चोवीस तासांत फुटतात आणि ते नारिंगी ठिपके पिले गट्ट करतात. आजी दोन वर्षे त्या खोलीच्या उंबऱ्यावर चढल्या नाहीत. पुढे एकदा मुलगा व सून परगावी अडकली, तेव्हा त्यांनीच पदर खोचून चोवीस टाक्यांत चिमूट चिमूट कोरडे खाद्य घातले. “आणले ते चुकले, पण आणलेल्याला उपाशी ठेवले तर ते दुप्पट चुकले,” असे त्या मला म्हणाल्या. विरोध मागे घेतला असे मात्र त्यांनी अद्याप म्हटलेले नाही.

शतपथ ब्राह्मणात मनूची कथा आहे. हात धुताना ओंजळीत आलेला इवलासा मासा त्यास म्हणतो, मला सांभाळ. आधी कुंभात ठेव, त्यात मावेनासा झालो की खड्डा खणून त्यात ठेव, त्यातही मावेनासा झालो की समुद्रात सोड. मत्स्यपालनाचे याहून नेमके नियम मी कोठे वाचले नाहीत. फरक एवढाच, की मनूचा मासा बोलत होता.

अंगणात सिमेंटचा एक हौद आहे. त्यात दीड फूट लांबीचा, खरबरीत कवचाचा, काळसर मासा तळाशी चिकटून असतो. हा दक्षिण अमेरिकेतील सकर मासा. काच साफ ठेवतो म्हणून लोक बोटाएवढा आणतात. तो वाढत जातो, दहा-पंधरा वर्षे जगतो, आणि मग तेच लोक पिशवीत घालून या घरी आणून देतात किंवा परस्पर नदीत सोडून पुण्य जोडल्याचे समाधान मानतात. ते पुण्य नव्हे. उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत हा मासा सापडू लागला आहे. काटेरी कवचाने जाळी फाटतात आणि त्यास बाजारात गिऱ्हाईक नाही. चिलापी १९५२ साली मुद्दाम आणली गेली, आणि तिने आपल्या तळ्यांत किती हातपाय पसरले हे कोणत्याही कोळ्यास विचारावे.

गोदावरी येथून हाकेच्या अंतरावर नसली तरी दूरही नाही, आणि विद्यार्थ्यास तसे सुचविणारे शेजारी पुष्कळ. तो ऐकत नाही. मारणे त्या घरात शक्य नाही, सोडणे त्याच्या बुद्धीस पटत नाही, आणि या माशाचा समुद्र म्हणावा असे ठिकाण जवळपास कोठे नाही. कुंभ झाला, खड्डा झाला. तिसरी पायरी त्याच्याजवळ नाही. असे चार मासे आज त्या हौदात आहेत आणि पाचव्यासाठी कोणीतरी निरोप ठेवून गेले होते.

मी निघालो तेव्हा तो दोरी धरून परसदार मोजीत होता. नवा हौद दहा फूट लांब करावयाचा म्हणजे सूनबाईंची कपडे वाळविण्याची जागा जाणार. त्यांनी कपड्यांचा दांडा गच्चीवर हलविण्यास संमती दिली होती. अळू मात्र तेथून काढावयाचा नाही, असे त्यांनी बजावले होते, आणि त्यामुळे हौदाची एक बाजू तिरपी येणार होती.