वाचा आणि विचार

शब्दावांचून ज्ञान संभवतच नाहीं, असें भर्तृहरीनें 'वाक्यपदीयां'त प्रतिपादिलें आहे. आयुष्य भाषा शिकविण्यांत घालविलेल्या माझ्यासारख्या प्राध्यापकास हा सिद्धांत गोड वाटावा, यांत नवल नाहीं; ज्या मालावर आपलें पोट, तोच सर्वांत मोलाचा, असें प्रत्येक दुकानदारास वाटतें. परंतु मेंदूची साक्ष निराळी पडते.

पॅरिसजवळील बिसेत्र येथील रुग्णालयांत लबोर्न्य नांवाचा एक रोगी होता. कांहींही विचारा, त्याचें उत्तर 'तां, तां'! येथें येऊन किती वर्षें झालीं, असें ब्रोका या शल्यवैद्यानें १८६१ सालीं त्यास विचारलें, तेव्हां त्यानें पंजा चार वेळां उघडला आणि मग एक बोट दाखविलें. २१ वर्षें, हिशेब बिनचूक होता. थोड्याच दिवसांत तो वारला, आणि मेंदूच्या डाव्या बाजूस, पुढील भागांत झालेली इजा ब्रोकानें पाहिली. वाणीचें एक स्थान सांपडलें. पण वाणी गेली तरी गणना उरते, हें त्या बोटांनीं आधींच सांगितलें होतें.

पुढें २००५ सालीं इंग्लंडांतील संशोधकांनीं असे तीन रुग्ण तपासले, ज्यांना वाक्यांतील कर्ता कोणता व कर्म कोणतें हें उमगत नसे. वजाबाकींत मात्र कशांतून काय वजा करावयाचें, हें ते ओळखीत. मेंदूचें कार्य टिपणारीं आजचीं चित्रेंही हेंच दाखवितात: वाक्य समजून घेतांना जे भाग जागे होतात, ते गणित सोडवितांना बहुतांशीं स्वस्थ असतात.

आमच्या थोरल्या बंधूंची वाचा पक्षाघातानें गेली, तेव्हां भेटीस येणारे लोक त्यांच्या उशाशीं बसून, ते तेथें नसल्यासारखे, त्यांच्याविषयीं बोलत. वांटणीचा कागदही त्यांच्यापुढें केवळ अंगठ्यासाठीं आला. अक्षरें त्यांस लागेनात. परंतु आंकड्यांवरून बोट फिरवीत ते बेरजेपाशीं थांबले आणि मान हलवूं लागले. बेरीज हजार रुपयांनीं चुकली होती! खोलींत कोणी कांहीं बोलेना.

इजा मोठी असेल तर वाचेबरोबर विचारही जातो, हें खरें. शिवाय वाचेवांचून एकाचा विचार दुसऱ्यापर्यंत, एका पिढीचा पुढच्या पिढीपर्यंत पोंचत नाहीं. तेव्हां माझ्या व्यवसायास भय नाहीं. पण वाचा गेलेल्या माणसापुढें कागद ठेवण्यापूर्वीं, बोटानें किंवा मानेनें उत्तर देतां येईल असा एक तरी प्रश्न त्यास विचारावयास नको काय?