एकशे दहावा नंबर

आपल्या हॉस्टेलवर गोल्फ कोणी खेळत नाही आणि पुढेही कोणी खेळेल असं वाटत नाही. बॉईज हॉस्टेलची मजल पार्किंगमधल्या टेनिस बॉल क्रिकेटपर्यंत, आणि आमची टेरेसवरच्या बॅडमिंटनपर्यंत, तेही वारा नसेल तर! त्यामुळे विषय वाचून "कॉन्व्हेंटवाली आता गोल्फवर लिहिणार, झालं!" असं काही जण म्हणणारच. म्हणू देत. शाळा कॉन्व्हेंट असली म्हणून घरात गोल्फ नसतो हो. टीव्हीवर गोल्फ लागला की आमचे बाबा चॅनेल बदलायचे. मलाही खेळाबद्दल फारसं लिहायचं नाहीये. लिहायचंय एका माणसाबद्दल. नाव यांग योंग-उन, दक्षिण कोरियाचा. गोल्फच्या जगात त्याला वाय. ई. यांग म्हणतात.

याची गोष्ट मोटिव्हेशनल लेक्चरला अगदी फिट बसणारी आहे. शेतकऱ्याच्या मुलाने एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा गोल्फचा क्लब हातात धरला आणि एक दिवस चक्क टायगर वूड्सला हरवलं! टाळ्या, चहा, बिस्किट, लेक्चर संपलं. पण मित्रमैत्रिणींनो, खरी गोष्ट आहे ती या वाक्याच्या मधल्या 'आणि' या शब्दात. त्या एका 'आणि'मध्ये अठरा वर्षं आहेत. ती कोणी सांगत नाही, म्हणून हा खटाटोप.

यांगचा जन्म १९७२ चा, जेजू बेटावरचा. वडील शेती करायचे, आणि गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ असं त्यांचं मत. (आपल्याकडे तरी दुसरं काय मत आहे?) यांगला स्वतःलाही गोल्फर व्हायचं नव्हतं. त्याला बॉडीबिल्डर होऊन स्वतःची जिम काढायची होती. गुडघा दुखावला आणि तो नाद सुटला. मग एका ड्रायव्हिंग रेंजवर नोकरी धरली. ड्रायव्हिंग रेंज म्हणजे गाडी शिकायची जागा नव्हे. लोक तिथे ओळीने उभे राहून लांबवर बॉल मारायची प्रॅक्टिस करतात. यांगचं काम ते बॉल गोळा करून आणायचं. लोक कसे मारतात ते बघायचं आणि काम संपल्यावर स्वतः मारून बघायचं, हाच त्याचा क्लास आणि हीच त्याची लॅब! मधे कोरियातली सक्तीची लष्करी सेवाही झाली. प्रोफेशनल झाला तो १९९६ मध्ये, म्हणजे चोविसाव्या वर्षी. त्या वर्षी त्याच्याहून जवळपास चार वर्षांनी लहान असलेला टायगर वूड्सही प्रोफेशनल झाला. फरक इतकाच, की टायगर रांगत्या वयापासून खेळत होता.

आता ही 'टूर' काय भानगड आहे ते सांगते. प्रोफेशनल गोल्फरला पगार नसतो. प्रत्येक टूरवर वर्षभर स्पर्धा असतात. साधारणपणे त्या चार दिवस चालतात, आणि पहिल्या दोन दिवसांत मागे पडलात की 'कट', म्हणजे सामान उचला. बहुतेक ठिकाणी मग बक्षिसाचे पैसे शून्य, आणि प्रवास-हॉटेलचा खर्च मात्र आपला आपण. टूरवर नियमित खेळायला 'कार्ड' लागतं. वर्षाचा खेळ कमी पडला तर कार्ड जातं आणि मग क्यू-स्कूल नावाची परीक्षा परत द्यायची. थोडक्यात एटीकेटीच, फक्त फी जास्त!

यांग या शिडीची एकेक पायरी चढला. कोरियन टूरवर पहिली स्पर्धा जिंकायला २००२ उजाडलं. वय तीस. २००४ मध्ये तो जपानच्या टूरवर गेला. त्या वर्षी तिथे दोन स्पर्धा जिंकल्या, २००५ मध्ये एक, २००६ मध्ये आणखी एक. २००६ मध्येच मायदेशातली कोरिया ओपन जिंकली आणि नोव्हेंबरमध्ये शांघायची एचएसबीसी चॅम्पियन्स. या शेवटच्या स्पर्धेत दुसरा आला टायगर वूड्स! म्हणजे टायगरला हरवण्याची 'चमत्कारिक' गोष्ट खरं तर आधी एकदा घडून गेली होती, आशियात.

लेक्चरवाले असते तर इथून थेट शिखरावर गेले असते. पण पुढे काय झालं बघा. यांग अमेरिकेला गेला. २००७ च्या शेवटी क्यू-स्कूल देऊन पीजीए टूरचं कार्ड मिळवलं, २००८ चा सीझन वाईट गेला आणि वर्षाच्या शेवटी पुन्हा क्यू-स्कूल! वय छत्तीस. दोन वर्षांपूर्वी टायगरला मागे टाकलेला माणूस नवशिक्या पोरांच्या रांगेत उभा राहून परत परीक्षा देतो. मला या माणसाचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते इथे. आपण केटीच्या फॉर्मच्या रांगेत उभं राहताना ज्युनियर दिसला तर तोंड लपवतो.

पास झाला. मार्च २००९ मध्ये अमेरिकेतली होंडा क्लासिक जिंकला. आणि ऑगस्टमध्ये आली पीजीए चॅम्पियनशिप, मिनेसोटातल्या हेझेल्टाइन कोर्सवर. वर्षातल्या चार 'मेजर' स्पर्धांपैकी एक. यांग तेव्हा जागतिक क्रमवारीत ११० वा. तीन दिवसांनंतर टायगर पुढे, यांग दोन फटके मागे. तोपर्यंत टायगर चौदा मेजरमध्ये तीन दिवसांनंतर आघाडीवर होता, आणि चौदाच्या चौदा त्याने जिंकल्या होत्या. पंधराव्यांदा वेगळं काय होणार?

१६ ऑगस्टला, चौदाव्या होलवर दोघे बरोबरीत असताना, यांगने ग्रीनच्या बाहेरून अलगद उचललेला बॉल सरळ होलमध्ये गेला. ईगल! शेवटच्या होलवर एका फटक्याची आघाडी, अंतर दोनशे यार्डांहून जास्त, वाटेत झाड. कोणीही बेताचा शॉट खेळला असता. यांगने बॉल होलपासून काही फुटांवर नेऊन ठेवला. यांग तीन फटक्यांनी जिंकला आणि त्याने आपली अख्खी गोल्फ बॅग डोक्यावर उचलून धरली. बॉडीबिल्डिंग तेवढं कामाला आलं म्हणायचं!

मेजर जिंकणारा तो आशियात जन्मलेला पहिला पुरुष. 'पुरुष' हा शब्द महत्त्वाचा, कारण बायकांमध्ये जपानच्या चाको हिगुची यांनी १९७७ मध्येच मेजर जिंकली होती आणि कोरियाच्या पाक से-री यांनी १९९८ मध्ये. लेडीज हॉस्टेलच्या वतीने ही नोंद करून ठेवते. पुरुषांत पुढचा आशियाई विजेता जपानचा हिदेकी मात्सुयामा, थेट २०२१ मध्ये. बारा वर्षांनी.

आता हे सगळं मी इथे का लिहितेय? मी टीईला आहे. माझ्या वर्गात सहावीपासून कोडिंग करणारे आहेत. मी पहिला प्रोग्राम एफईच्या लॅबमध्ये लिहिला, दोन आकड्यांच्या बेरजेचा. प्लेसमेंटचा विषय निघाला की आमच्या मेसच्या टेबलावर एक वाक्य हमखास येतं, "आता काय, उशीर झाला." परवा हे ऐकून पोळ्या वाढणाऱ्या मावशी हसायलाच लागल्या. "विसाव्या वर्षी उशीर? मग आम्ही काय करायचं गं?"

यांगची गोष्ट वाचून 'उशीर झालाच नाही' असं मी म्हणणार नाही. उशिरा सुरू करणाऱ्याला किंमत मोजावी लागतेच. टायगर मेजरमागून मेजर जिंकत होता, त्या वर्षांत यांग कोरियात पहिल्या विजयाची वाट बघत होता. शिवाय रेंजवर बॉल गोळा करणारे तेव्हा अनेक असतील, सगळे काही चॅम्पियन झाले नाहीत. 'कोणीही काहीही करू शकतो' हे वाक्य म्हणून मला पटत नाही. पण बॉल गोळा करताना यांगसमोर टायगर नव्हता, हे मात्र निश्चित. १९९१ मध्ये टायगरला ओळखत होतं कोण? पुढची पायरी तेवढी समोर होती. आधी कोरियाची टूर, मग जपान, मग शांघाय. आणि पायरी निसटली तर तिथूनच परत.

आणखी एक. २०१० मध्ये चायना ओपन आणि पुन्हा कोरिया ओपन जिंकल्यावर यांगला पुढची काही वर्षं एकही विजय मिळाला नाही. लोक विसरले. तो खेळत राहिला. २०१८ मध्ये, सेहेचाळिसाव्या वर्षी, जपानमधली 'द क्राऊन्स' जिंकला, त्याच टूरवर जिथे तो २००४ मध्ये नवखा म्हणून आला होता. आणि २०२४ मध्ये अमेरिकेत, पन्नाशीपुढच्यांच्या टूरवर, बर्नहार्ड लँगरसारख्या दिग्गजाला प्ले-ऑफमध्ये हरवून पुन्हा एक.

मेसच्या टेबलावर आता मी एवढंच विचारते : उशीर झाला, कबूल. पण पुढचा पेपर कधी आहे?