पाऊल टेकायची जागा

लग्नाच्या वरातीत किंवा मॉलच्या उद्घाटनाला चंदेरी कपडे घातलेली माणसं कांगारूसारखी उड्या मारत येताना तुम्ही पाहिली असतील. प्रत्यक्षात नाही तर रीलमध्ये तरी. मी नागपुरात अशाच एका ग्रुपमध्ये काम करते. भेटणारा प्रत्येक जण विचारतो, ‘किती उंच उडता?’ पाय कुठे ठेवता, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. माझं सगळं भांडण मात्र तिथलंच आहे.

आधी यंत्र सांगते. याला जंपिंग स्टिल्ट म्हणतात. बव्हेरियातल्या अलेक्झांडर ब्योक या जर्मन संशोधकाने ते बनवलं आणि २००४ मध्ये त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं. या खेळाला ‘बॉकिंग’ म्हणतात ते त्याच्याच नावावरून. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या समारोपातही असे स्टिल्ट घातलेले कलाकार होते.

रचना तशी साधी आहे. मागे धनुष्यासारखी वाकलेली फायबरग्लासची पट्टी, तीच स्प्रिंग. पुढे अॅल्युमिनियमची फ्रेम, तळाला रबराचा छोटासा खूर. वर, गुडघ्याच्या जरा खाली, पाय धरून ठेवणारा कफ. आणि मधे, जमिनीपासून फूटभर तरी उंचीवर, फूटप्लेट. तिच्यावर बूट ठेवायचा आणि पट्ट्यांनी आवळायचा. वजन टाकलं की स्प्रिंग अजून वाकते आणि सरळ होताना तुम्हाला वर फेकते. खूर इतका लहान असतो की एका जागी गप्प उभं राहता येत नाही. सतत पाय हलवत राहावं लागतं.

स्प्रिंग निवडताना सगळे काळजी घेतात. माणसाच्या वजनाप्रमाणे ती मिळते. हलक्या माणसाला कडक स्प्रिंग दिली तर ती नीट वाकतच नाही. पण फूटप्लेटचं काय? आमच्या ग्रुपकडे होत्या त्या सगळ्या जोड्यांची प्लेट एकाच मापाची, मोठ्या पुरुषी बुटाला बसेल अशी. माझं पाऊल २२ सेंटिमीटरचं. पट्टा शेवटच्या दातापर्यंत ओढला तरी उडी मारताना टाच बोटभर वर यायची.

बोटभर म्हणजे फार नाही, असं वाटेल. पण स्टिल्टवर तुमच्या आणि स्प्रिंगच्या मधे फक्त ती प्लेट असते. टाच उचलली गेली की खाली येताना आधी बूट आपटतो आणि मग स्प्रिंग काम सुरू करते. त्या मधल्या क्षणी स्टिल्ट तुमच्या ताब्यात नसतो. घोटा आतल्या आत वळायला बघतो आणि तो सावरायचं काम गुडघ्यावर येतं. शो संपल्यावर मुलं पावभाजी खायला जायची आणि मी बर्फ शोधत फिरायची.

यावर सगळ्यांकडे एकच उपाय होता: दोन मोजे घाल, मोठा बूट घेऊन त्यात कापड कोंब. तेही करून पाहिलं. बूट प्लेटवर घट्ट बसला, पण पाय बुटात पोहत राहिला. शेवटी ग्रुप चालवणारे दादा म्हणाले, “स्टिल्टमध्ये प्रॉब्लेम नाहीये गं, तुझे पायच लहान आहेत. तू खाली झेंडा घेऊन नाच.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पण खाली नाचणाऱ्यांना उडणाऱ्यांच्या निम्मे पैसे मिळतात, आणि माझ्या खोलीचं भाडं निम्मं होणार नव्हतं.

माझं आजोळ छत्तीसगडचं, राजनांदगावकडचं. तिथे श्रावणाच्या तोंडावर हरेली अमावास्येला पोरं गेडी चढतात. गेडी म्हणजे दोन उंच बांबू आणि त्यांना नारळाच्या दोरीने आवळून बांधलेले पाय ठेवायचे बांबूचे तुकडे. त्यांना तिथे पउवा म्हणतात. आजोबा गेडी बांधायचे तेव्हा आधी पोराला समोर उभं करायचे. पउवा किती उंच हवा, पायाचा अंगठा बांबूला कुठे अडतो, हे बघून मगच गाठ मारायचे. माझा पउवा गुडघ्याएवढा, मामेभावाचा कमरेएवढा. पाय लहान म्हणून गेडी मिळणार नाही, असं तिथे कुणी म्हणेल हे मला सुचलंही नसतं. दोरी सोडायची आणि पुन्हा बांधायची, एवढंच काम.

मग स्टिल्टचीही दोरी सोडून बघू, असं ठरवलं.

जोड्या सगळ्यांच्या मिळून होत्या, त्यामुळे कायमचा बदल चालणार नव्हता. शिवाय फ्रेमला नवीन भोक पाडायचं नाही, हे पक्कं होतं. सगळा भार तीच पेलते आणि ती तडकायची सुरुवात भोकापासूनच होऊ शकते. म्हणून प्लेटला आधीपासून असलेली भोकं वापरून तिच्यावर बसेल अशी अॅल्युमिनियमची पातळ पट्टी एका फॅब्रिकेशनवाल्याकडून कापून घेतली. टाचेला मागून अडवणारी वाटी आमच्या चौकातल्या मोची काकांनी जाड चामड्याची शिवून दिली. त्यांनी माझी टाच तीनदा मापली आणि विचारलं, “बाई, हे चालायला आहे की उडायला?” उडायला म्हटल्यावर आणखी एक शिलाई मारली. पट्टीवर चपलेच्या सोलचा फोम चिकटवला. नट नायलॉकचे घेतले, कारण साधे नट दणक्यांनी सैल होत जातात.

खरं डोकं लागलं ते जागा ठरवायला. वाटी मूळ जागेपासून किती पुढे घ्यायची? पाऊल फार पुढे गेलं तर तोलही पुढे जातो. मोठा बूट ठेवून त्याचा मध्य खडूने आखला आणि माझ्या बुटाचा मध्य त्या रेघेवर आणला. पट्टी आणि फोम मिळून तळवा १ सेंटिमीटर वर गेला होता. म्हणजे गुडघाही तेवढाच वर गेला. मग कफही तेवढाच वर घेतला, नाहीतर तो नडगीला भलत्या ठिकाणी धरतो. एक गोष्ट हलवली की दुसरी हलवावीच लागते.

पहिला दिवस गच्चीवर, भिंतीला धरून नुसतं चालले. दुसऱ्या दिवशी भिंत सोडली. मग छोट्या उड्या, आणि दर दहा मिनिटांनी खाली बसून नट तपासायचे. टाच उचलली जात नव्हती. उडी फार उंच झाली असं नाही. पण खाली येताना प्लेट, स्प्रिंग आणि मी एकाच वेळी पोहोचत होतो. पाय टेकताना आवाजसुद्धा वेगळा यायला लागला, दोन ठोक्यांऐवजी एक.

पुढच्या शोला मी वर होते. दादा काही बोलले नाहीत. पैसे देताना पूर्ण दिले.

वस्तू सगळ्यांसाठी असते असं आपण म्हणतो, तेव्हा ती बनवताना कुणाचा तरी एक पाय समोर असतो. ज्याचा पाय तसाच असतो त्याला तो कधी दिसतच नाही. बाकीच्यांना मोजे कोंबायला सांगतात. मला राग यायचा तो प्लेटचा नाही. प्लेट बदलता येते, ही शक्यता कुणाच्या डोक्यातच आली नाही, त्याचा यायचा.

यंदा ग्रुपमध्ये २४ सेंटिमीटरच्या पावलाची एक मुलगी आली. तिच्यासाठी दुसरी पट्टी केली, पण या वेळी गोल भोकांऐवजी लांबट खाचा ठेवल्या, म्हणजे वाटी हवी तशी पुढेमागे सरकवता येते. दादा तिला ‘पोरींची प्लेट’ म्हणतात. गेल्या महिन्यात ग्रुपमधल्या सगळ्यात बुटक्या मुलाने ती गुपचूप मागून नेली. अजून परत दिलेली नाही.